बिघाड नेमका कोणत्या थरात आहे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्याच्या कार्यालयात डोकावलात, तर आता अनेक ठिकाणी एकच सर्व्हर दिसतो आणि त्याच्या पोटात चार-पाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक, चालू असतात. एकावर टॅली, दुसऱ्यावर विंडोज सर्व्हरचे डोमेन (सर्वांचे लॉगिन एका जागी सांभाळणारी व्यवस्था), तिसऱ्यावर लिनक्सचा फाइल सर्व्हर, चौथ्यावर बायोमेट्रिक हजेरीचे सॉफ्टवेअर. आणि शिवाय एखादी विंडोज ७, जी केवळ जुन्या सीएनसी यंत्राला प्रोग्राम पाठवणारे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून जिवंत ठेवलेली असते. अशा व्यवस्था उभ्या करणे आणि त्या अडल्या की मोकळ्या करणे हे माझे रोजचे काम आहे, आणि या कामात नव्याने येणाऱ्या मुलांना मी सर्वांत आधी एकच गोष्ट सांगतो: लक्षण ज्या थरात दिसते, त्या थरात बिघाडाचे मूळ असेलच असे धरून चालू नका.

व्हर्च्युअल मशीनमधील ऑपरेटिंग सिस्टिमला तिच्यासमोर मांडलेली डिस्क, प्रोसेसर, मेमरी आणि नेटवर्क कार्ड एवढेच दिसते. त्या डिस्कच्या मागे खरी जागा किती उरली आहे, तो प्रोसेसर आणखी किती जणांत वाटला गेला आहे, हे तिला ठाऊक नसते. त्यामुळे ती जे सांगते ते खोटे नसते, पण अपुरे असते. आत बसून तासन् तास इव्हेंट लॉग वाचण्याआधी पाच मिनिटे होस्टवर, म्हणजे ज्या खऱ्या सर्व्हरवर या मशीन चालतात त्यावर, जाऊन पाहावे, ही सवय एकदा अंगी बाणली की निम्म्या तक्रारींची दिशा लगेच कळते.

सर्वांत जास्त फसवते ती साठवणूक, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. एका फाउंड्रीच्या लेखा विभागातून फोन आला होता. "सर, टॅली लटकलंय, माउससुद्धा हलत नाही. पण सकाळी बघितलं तेव्हा डिस्क निम्मी रिकामी होती." दोन्ही विधाने अगदी खरी होती. विंडोजच्या आतून डी ड्राइव्ह निम्मी रिकामी दिसत होती, आणि ती मशीन मात्र जागच्या जागी गोठली होती. होस्टवर प्रॉक्समॉक्स होते, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर (अशा सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर म्हणतात). त्याच्या पडद्यावर त्या मशीनपुढे 'आयओ-एरर' अशी स्थिती दिसत होती आणि ज्या जागेवर तिच्या डिस्कची फाइल ठेवली होती, ती जागा १०० टक्के भरली होती.

हे कसे घडते ते समजून घेतले पाहिजे. व्हर्च्युअल डिस्क तयार करताना आपण ती ५०० जीबीची आहे असे सांगतो, पण थिन पद्धतीत ती सुरुवातीला प्रत्यक्ष जागा जवळजवळ घेतच नाही. आत जसजसे लिहिले जाईल तसतशी ती फुगत जाते. त्यामुळे १ टीबीच्या एसएसडीवर ५०० जीबीच्या चार डिस्क सहज मांडता येतात आणि कोणीही आक्षेप घेत नाही. अडचण अशी, की आतून फाइल पुसली तरी बाहेरची जागा आपोआप मोकळी होत नाही. विंडोजने किंवा लिनक्सने 'हे ब्लॉक आता मला नकोत' असा निरोप खाली पाठवावा लागतो, आणि तो निरोप पोहोचण्यासाठी व्हर्च्युअल डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्ड हा पर्याय चालू असावा लागतो. तो नसेल, तर लेखा विभागाने रोज बॅकअपची झिप फाइल तयार करून दुसऱ्या दिवशी पुसली, तरी बाहेरची डिस्क फक्त वाढतच जाते. शेवटी खालची जागा संपते, पुढचे लिखाण अपयशी ठरते, आणि डेटा बिघडू नये म्हणून हायपरव्हायझर ती मशीन थांबवून ठेवतो. माउस हलत नव्हता तो यामुळे.

अशा वेळी घाबरून मशीन रिसेट करण्याची ओढ होते, ती आवरावी. मशीन थांबलेली आहे, मेलेली नाही. होस्टवर थोडी जागा मोकळी केली, उदाहरणार्थ एखादी जुनी आयएसओ फाइल किंवा तिथेच पडून राहिलेला जुना बॅकअप दुसरीकडे हलवला, आणि मग मशीन रिझ्यूम केली, की बहुतेक वेळा ती जिथे थांबली होती तिथूनच पुढे चालू लागते आणि टॅलीतील अर्धवट नोंदसुद्धा सुरक्षित राहते. रिसेट केल्यास मात्र तीच नोंद आणि प्रसंगी पूर्ण डेटा फाइल हातची जाऊ शकते. त्यानंतर डिस्कार्ड चालू करून, विंडोजमध्ये ड्राइव्ह ऑप्टिमाइझ करून किंवा लिनक्समध्ये एफएसट्रिम चालवून अडकलेली जागा परत मिळवावी.

एलव्हीएम-थिन (लिनक्स होस्टवरील थिन साठवणुकीची पद्धत) वापरत असाल तर आणखी एक बारकावा आहे. तिथे डेटाची जागा वेगळी आणि मेटाडेटाची (कोणता ब्लॉक कुठे आहे याच्या नोंदींची) जागा वेगळी असते. एलव्हीएस या आज्ञेच्या उत्तरात दोन्हींची टक्केवारी शेजारीशेजारी दिसते, पण लोक पहिलीच पाहतात. डेटाची जागा संपली तर लिखाण आधी रोखून धरले जाते, मूळ सेटिंगनुसार ६० सेकंद, आणि त्यानंतर वर चूक कळवली जाते. मग लिनक्सची मशीन आपली फाइल सिस्टिम केवळ वाचनापुरती करून टाकते. आतून 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असा संदेश दिसला की अनेक जण थेट एफएससीके ही फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी आज्ञा चालवायला धावतात. माझे आग्रहाचे सांगणे असे, की आधी डीमेसेज, म्हणजे कर्नेलचे संदेश, वाचा, मग होस्ट पाहा, डिस्कची एक प्रत काढा, आणि मगच दुरुस्तीला हात घाला. मेटाडेटाची जागा संपली तर प्रकरण याहून गंभीर असते, म्हणून ती ८० टक्क्यांच्या पुढे जाण्याआधीच इशारा मिळेल अशी व्यवस्था करून ठेवावी.

जागा खाणारे दुसरे कारण म्हणजे विसरलेला स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणीची जपून ठेवलेली स्थिती, जिच्यावर मागे जाता येते. 'अपडेट-आधी' अशा नावाचा स्नॅपशॉट घेतला जातो, अपडेट नीट होते, आणि तो स्नॅपशॉट तसाच राहतो. स्नॅपशॉट घेतल्या क्षणापासून मूळ डिस्क गोठवली जाते आणि नंतरचा प्रत्येक बदल वेगळा साठत जातो, त्यामुळे काही महिन्यांनी हा वेगळा साठा मूळ डिस्कएवढा होऊ शकतो. व्हीएमवेअर या हायपरव्हायझर बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या मार्गदर्शनात एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये असे म्हटले आहे. हायपरव्हायझर कोणताही असो, हा आकडा मला योग्य वाटतो. जुना मोठा स्नॅपशॉट पुसणे हेही भर दुपारी करण्याचे काम नव्हे, कारण पुसणे म्हणजे साठलेले सर्व बदल मूळ डिस्कमध्ये मिसळणे. त्यात बराच वेळ जातो, डिस्कवर ताण येतो आणि मशीन मध्येच काही काळ थबकते. कामगारांचे पगार निघण्याच्या दिवशी तर ते मुळीच करू नये.

स्नॅपशॉटला बॅकअप समजणे ही गोष्ट मात्र मला खरोखर अस्वस्थ करते. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर, त्याच होस्टवर असतो. ती डिस्क गेली की मूळही गेले आणि स्नॅपशॉटही गेला. डोमेन कंट्रोलरच्या (डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) बाबतीत तर स्नॅपशॉटवर मागे जाणे पूर्वी घातकच होते: एकापेक्षा जास्त डोमेन कंट्रोलर असतील, तर मागे गेलेला कंट्रोलर आधीच वापरलेले बदल-क्रमांक पुन्हा वापरू लागे, इतर कंट्रोलर त्याचे नवे बदल आपल्याकडे आहेतच असे समजून दुर्लक्षित करत, आणि डिरेक्टरीत, म्हणजे वापरकर्त्यांच्या सामायिक नोंदींत, विसंगती शिरे. विंडोज सर्व्हर २०१२ पासून हायपरव्हायझरने मशीनला दिलेल्या पिढी-ओळखीमुळे हे टाळता येते. पण हायपरव्हायझर आणि विंडोज दोघांनाही ती सोय कळत असेल तरच. म्हणून डोमेन कंट्रोलरचा वेगळा, रीतसर बॅकअप हवाच.

सगळ्याच मशीन एकदम मंदावल्या, तर एखाद्या मशीनच्या आत शोधण्यात अर्थ नसतो. आमच्याकडे पावसाळ्यात वारंवार वीज जाते आणि त्यानंतर काही दिवसांनी अशी तक्रार येते. अनेकदा कारण निघते ते रेड कंट्रोलरवरील (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डावरील) छोट्या बॅटरीचे. ही बॅटरी ठीक असते तोवर कंट्रोलर लिखाण आपल्या मेमरीत घेऊन लगेच 'झाले' असे कळवतो. बॅटरी निकामी झाली, की वीज गेल्यास डेटा हरवू नये म्हणून तो प्रत्येक लिखाण प्रत्यक्ष डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबू लागतो, आणि फिरत्या डिस्कवर हा फरक कमालीचा जाणवतो. पाचही मशीनच्या आत डिस्कला लागणारा वेळ वाढलेला दिसतो, पण बॅटरीचे नाव एकाही मशीनच्या लॉगमध्ये नसते. ते सापडते फक्त कंट्रोलरच्या स्वतःच्या साधनात. बॅटरी न बदलता राइट-बॅक, म्हणजे लिखाण आधी मेमरीत घेण्याची ती पद्धत, जबरदस्तीने चालू ठेवण्याची सोय काही कंट्रोलरवर असते; वीजपुरवठ्याचा भरवसा नसलेल्या ठिकाणी ती वापरू नये.

वेळेचा घोळ ओळखायला भारतात एक सोपी खूण आहे. मशीनचे घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी पुढे किंवा मागे असेल, तर शोध जवळजवळ संपलाच म्हणायचा. विंडोज हार्डवेअरचे घड्याळ स्थानिक वेळेनुसार आहे असे मानते, लिनक्स ते जागतिक प्रमाणवेळेनुसार आहे असे मानते, आणि व्हर्च्युअल मशीन तयार करताना ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकार चुकीचा निवडला गेला की हा फरक जसाच्या तसा आत उतरतो. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या पाळीचे कामगार दुपारी आलेले दिसू लागले, की मी आधी हेच तपासतो. फरक काही मिनिटांचाच असेल तर कारण बहुधा वेगळे असते, आणि परिणाम अधिक फसवा. डोमेनमध्ये लॉगिनची खातरजमा करणारा कर्बेरॉस मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांपर्यंतचाच फरक सहन करतो. त्यापलीकडे गेले की लॉगिन नाकारले जाते आणि वापरणारा माणूस मात्र पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करत राहतो. उपाय एवढाच, की होस्टने बाहेरच्या एनटीपी सर्व्हरकडून वेळ घ्यावी, मुख्य डोमेन कंट्रोलरनेही बाहेरून घ्यावी, आणि बाकी विंडोज मशीननी डोमेनकडून. होस्टही वेळ देतो आणि डोमेनही देते अशी दोन्हींकडून ओढाताण ठेवू नये.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. लिनक्समध्ये टॉप ही आज्ञा चालवल्यावर वरच्या ओळीच्या शेवटी 'एसटी' असा आकडा असतो. मशीनला काम करायचे होते, पण होस्टने त्या वेळी प्रोसेसर दुसऱ्या कोणाला दिला होता, अशा वेळेचे ते प्रमाण आहे. व्हीएमवेअरमध्ये हीच गोष्ट 'रेडी' या नावाने दिसते. तो आकडा मोठा असेल तर मशीनला आणखी प्रोसेसर देणे हा उपाय नव्हे. गर्दी असलेल्या होस्टवर त्याने प्रकृती बिघडूही शकते. उलट, गरज नसलेल्या मशीनचे प्रोसेसर काढून घ्यावेत.

जुने प्रत्यक्ष सर्व्हर व्हर्च्युअल करण्याचे काम अलीकडे वाढले आहे, आणि ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेऊन कायमस्वरूपी परवाने बंद केल्यापासून एका हायपरव्हायझरवरून दुसऱ्यावर जाण्याचे कामही. या दोन्हींत विंडोज अनेकदा पहिल्याच बूटला निळा पडदा दाखवते आणि त्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे लिहिलेले असते. डिस्क खराब झालेली नसते. विंडोज ज्या डिस्क कंट्रोलरवर बूट होत होती तो बदलला, आणि नव्या व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेल्या) कंट्रोलरचा ड्रायव्हर बूटच्या वेळी तिच्याकडे नाही, एवढेच घडलेले असते. मी वापरतो ती पद्धत अशी: मूळ डिस्क आयडीई किंवा साटा म्हणून जोडून विंडोज एकदा सुरू करावी, १ जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओ म्हणून शेजारी जोडावी, व्हर्टआयओच्या आयएसओमधून ड्रायव्हर बसवावा, ती छोटी डिस्क डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसू लागली की मशीन बंद करून मूळ डिस्क व्हर्टआयओवर हलवावी, आणि बूटच्या क्रमात ती पहिली आहे ना हे पाहावे. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नेलसोबत असतात, पण सुरुवातीच्या बूट प्रतिमेत ते घातलेले असतीलच असे नाही, म्हणून स्थलांतराआधीच ती प्रतिमा नव्याने बांधून घ्यावी. कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये 'एसडीए' अशा नावाने डिस्क लिहिलेली असेल तर तिथे यूयूआयडी (न बदलणारी ओळख) लिहावा, कारण व्हर्टआयओवर तीच डिस्क 'व्हीडीए' होऊ शकते. नेटवर्क कार्डाचे नावही बदलते. सर्व्हर सुरू झाला आहे, पण पिंगला उत्तर देत नाही, असे झाले तर कन्सोलवरून आत जाऊन नव्या नावाने नेटवर्कची फाइल लिहावी लागते.

संगणक प्रशिक्षण देणाऱ्या एका वर्गात पाहिलेला बिघाड मला फार शिकवून गेला. विद्यार्थ्यांसाठी उबंटूची एक मशीन नीट तयार करून तिच्या प्रती काढल्या होत्या, आणि त्या प्रत्येकीला डीएचसीपीकडून (राउटरवरील पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) एकच आयपी पत्ता मिळत होता. मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे स्वतःचे क्रमांक) वेगवेगळे होते, म्हणून सगळे राउटरवर संशय घेत होते. पण उबंटूच्या नव्या आवृत्त्यांत डीएचसीपीकडे दिली जाणारी ओळख मॅक पत्त्यावरून ठरत नाही. ती ईटीसी फोल्डरमधील मशीन-आयडी नावाच्या फाइलवरून तयार होते, आणि प्रत काढताना ती फाइलही जशीच्या तशी आली होती. राउटरच्या दृष्टीने तिथे एकच मशीन होती. प्रती काढण्याआधी ती फाइल रिकामी केली, की प्रत्येक प्रत पहिल्या बूटला स्वतःची नवी ओळख तयार करते. एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) होस्ट किल्ल्याही त्याच वेळी पुसून नव्याने तयार होऊ द्याव्यात, नाही तर सर्व प्रतींची किल्ली एकच राहते. विंडोजमध्ये याच कामासाठी सिसप्रेप आहे.

विद्यार्थी स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स चालवतात, त्यांची नेहमीची तक्रार 'व्हर्च्युअल मशीन फारच हळू आहे' अशी असते. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवे कासव दिसत असेल तर कारण मशीनच्या आत नाही. लॅपटॉपच्या विंडोजने हायपर-व्ही हा स्वतःचा हायपरव्हायझर आधीच चालू केला आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची सोय थेट न मिळता त्याच्यामार्फत मिळत आहे, याची ती खूण आहे. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) किंवा विंडोज सिक्युरिटीतील मेमरी इंटिग्रिटी यांपैकी काही चालू असले तरी असे होते. मेमरी इंटिग्रिटी बंद करण्याचा सल्ला मी सरसकट देत नाही, कारण ती लॅपटॉपच्या संरक्षणासाठी आहे. शिकण्यापुरते काम असेल तर सरळ हायपर-व्हीवरच मशीन तयार करावी, अर्थात विंडोज प्रो असेल तर. विंडोज ११ गेस्ट म्हणून (व्हर्च्युअल मशीनच्या आत) बसवताना टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट मागितले जाते. तिथे व्हर्च्युअल टीपीएम जोडावा, आणि बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी सोय) चालू केले असेल तर रिकव्हरी किल्ली मशीनच्या बाहेर लिहून ठेवावी, कारण टीपीएमची माहिती सोबत न घेता मशीन दुसरीकडे हलवली की तीच किल्ली मागितली जाते.

आता पावसाळ्याविषयी, कारण कोल्हापुरात हा विषय टाळून सर्व्हरविषयी लिहिता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शहराच्या सखल भागांतील दुकाने-कार्यालयांत शिरले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. तळमजल्यावरील सर्व्हर आणि त्याच खोलीतील बॅकअपचा एनएएस (नेटवर्कवर जोडलेली साठवणुकीची पेटी), ही रचना अशा शहरात बॅकअप म्हणताच येत नाही. व्हर्च्युअल मशीनचा मोठा फायदा इथेच आहे: संपूर्ण सर्व्हर म्हणजे शेवटी काही फाइल असतात आणि त्या उंचावरच्या दुसऱ्या होस्टवर रोज रात्री पाठवता येतात. रस्ता बंद होण्याआधीच त्या तिकडे गेलेल्या हव्यात, कारण पाणी चढू लागल्यावर इंटरनेटचाही भरवसा राहत नाही. बॅकअप घेताना मशीनच्या आत गेस्ट एजंट चालू असावा, म्हणजे प्रत काढण्याच्या क्षणी आतील फाइल सिस्टिम थोडी थांबवली जाते आणि विंडोजमध्ये डेटाबेसलाही पूर्वसूचना मिळते. एजंट नसेल तर ती प्रत वीज अचानक गेल्यावर उरणाऱ्या डिस्कसारखी असते. जूनच्या आधी एकदा तरी, नेटवर्क तोडून, त्या दुसऱ्या होस्टवर मशीन प्रत्यक्ष सुरू करून टॅली उघडून पाहावी. बॅकअपच्या पडद्यावरील हिरवी खूण मला पुरेशी वाटत नाही.

वीज परत आल्यावरचा क्रमही आधीच ठरवलेला असावा. डोमेन आणि डीएनएसची मशीन पहिली, तिच्यानंतर दोन-तीन मिनिटे थांबून फाइल सर्व्हर, मग टॅली आणि हजेरी. हा क्रम आणि मधला विराम प्रॉक्समॉक्समध्येही नोंदवता येतो आणि हायपर-व्हीमध्येही. एका ठिकाणी मात्र वीज आल्यावर काहीच सुरू होईना. होस्ट एनएएसवरील साठवणूक नावाने शोधत होता, त्या नावाचा पत्ता सांगणारा डीएनएस एका व्हर्च्युअल मशीनवर होता, आणि त्या मशीनची डिस्क त्याच एनएएसवर होती. तिथे होस्टच्या होस्ट्स फाइलमध्ये एनएएसचा आयपी पत्ता लिहिला, डीएनएसच्या मशीनची डिस्क होस्टच्या स्वतःच्या एसएसडीवर हलवली, आणि होस्ट, एनएएस, स्विच व यूपीएस या सर्वांचे पत्ते कागदावर छापून सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले.